जत्रेत हरवलं कोण?

लहानपणी मी सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत हरवले होते. ही गोष्ट मी नवऱ्याला, मुलीला, ऑफिसातल्या मैत्रिणींना कितीदा तरी सांगितली असेल. गर्दीत सुटलेला आईचा हात, भोंग्यावरून पुकारलेलं नाव, मग आईने मारलेली घट्ट मिठी. सगळं लख्ख आठवायचं.

मागच्या दिवाळीत ताई जुळे सोलापूर भागातल्या माझ्या घरी आली होती. जेवताना मी मुलीला पुन्हा तेच सांगू लागले, तर ताई म्हणाली, "तू नाही गं, मी हरवले होते."

आधी वाटलं, थट्टा करतेय. मग वाटलं, माझी गोष्ट ढापतेय. आई आता नाही. पण जत्रेत आमच्याबरोबर सांगोल्याची मावशी होती. तिला फोन लावला, स्पीकरवर टाकला.

"तू कुटं हरवलीस?" मावशी हसली. "थोरली हरवली हुती. तू माज्या खांद्यावर झोपली हुतीस की."

तरी मला पटेना. मावशीचंही वय झालंय. तिच्यावर तरी भरवसा का ठेवावा? मी पुन्हा आठवून पाहिलं. पिवळ्या फ्रॉकमधली मुलगी रडत उभी आहे, समोरून आई धावत येतेय. आणि एकदम खटकलं. ती मुलगी मला पाठमोरी दिसत होती. ती जर मीच, तर माझी पाठ मला दिसली कशी?

"तुला काय आठवतं?" मी ताईला विचारलं.

"मिठीबिठी काही नाही. आईने मला मारलं. खूप मारलं."

हे आमच्या घरात कधीच कुणी बोललं नव्हतं. मावशी फोनवरून म्हणाली, "व्हय, मारलं. लई घाबरली हुती ती. नंतर मला म्हणाली, घरी कुणाला बोलू नगंस."

ताईचे डोळे भरून आले. "सगळे मिठीच सांगायचे," ती म्हणाली. "मला वाटायचं, माझ्याच मनात काहीतरी वाईट आहे."

फोन ठेवल्यावर मला मावशीचा खांदा आठवू लागला, तिच्या केसांतल्या तेलाच्या वासासकट. पण मी त्याला थारा दिला नाही. आत्ताच तर ऐकलं होतं ते!

"आणखी काय आठवतं तुला?" मी ताईला विचारलं. ती सांगत राहिली, आणि मी मध्ये एकदाही बोलले नाही.