ट्रान्सफर केसच्या बदल्यात मेंढरं

आमच्या वरवंडच्या हरिबाआप्पांनी १९९६ साली वाटणीची मेंढरं विकली आणि लिलावातली जुनी मिलिटरी जीप घेतली. थोरल्या भावाला, कोंडिबाआबांना, ऐकवलंही, "दादा, मेंढरामागं हिंडायचं संपलं माझं."

दोन वर्षांत जीपची ट्रान्सफर केस फुटली. चारी चाकांना ताकद वाटून देणारा हा डबा गेला, की इंजिन नुसतं गुरगुरतं, गाडी जागची हलत नाही. आबांच्या कानावर जायच्या आत जीप चालू करायची, असं आप्पांनी ठरवलं. मग घरोघर जाऊन सांगून आले, "दादाला कुणी सांगू नका."

मी मेकॅनिकलचा डिप्लोमावाला, म्हणून मला शिरूरला सोबत नेलं. भंगाराच्या दुकानात आप्पा प्रत्येक डबा मेंढराची पाठ चाचपावी तसा चाचपत होते. शेवटी दुकानदारच कंटाळला. "मामा, अशी जीप भांडगावला मारुतरावांकडं हाय. कोंबड्या राहत्यात तिच्यात."

मारुतराव वांगी-टोमॅटोचे बागायतदार. कोंबड्या हुसकून मी जीपखाली शिरलो. डबा शाबूत होता. आप्पांनी किंमत विचारली.

"विकायचा न्हाई," मारुतराव म्हणाले. "तुम्ही कोंडिबाचं भाऊ ना? त्येंची मेंढरं माझ्या रिकाम्या रानात बसवा. लेंडीखत पडू द्या, मग डबा न्या."

"दुसऱ्या कुणाची चालत्याल का?"

"त्येंचाच कळप मोठा हाय."

आप्पा तोंड पाडून भावाकडे गेले. आबांनी सगळं शांतपणे ऐकलं. "दमली व्हय जीप?"

"दमली न्हाई. एक पार्ट बदलायचाय."

"मेंढरं देतो. पण न्यायची आन् राखायची तू."

खांद्यावर घोंगडी टाकून आप्पा हायवेच्या कडेनं कळप घेऊन निघाले. ओळखीचे लोक गाड्या थांबवून विचारायचे, "आप्पा, जीप कुठंय?"

"म्होरं गेलीय," आप्पा सांगायचे.

मारुतरावांचं रान खतावलं आणि डबा मिळाला. मी तो बसवला. जीप सुरू होताच आप्पांनी ती थेट आबांपुढे नेऊन उभी केली. तेव्हा आबांचा वाडा, म्हणजे मेंढरांचा सगळा तळ, दुसऱ्या रानाकडे हलत होता. आबांनी जीपभोवती एक फेरी मारली आणि चार कोकरं उचलून मागच्या सीटवर ठेवली.

"दादा, सीट घाण हुईल."

"ह्यास्नी अजून लांब चालवत न्हाई. हळू घे."

आप्पांनी लो गिअर टाकला. कळपाच्या चालीला तोच जुळत होता.