मांडीवरचा नकाशा

तळावर सगळे त्यांना कप्तान म्हणत. बायकोही म्हणे, कधी कौतुकानं, कधी चिडून. बेटांवरचे आजारी लोक हेलिकॉप्टरनं मोठ्या इस्पितळात आणायचे, हे त्यांचं काम. सोबत कागदी नकाशांची जाडजूड बॅग. बायको त्या बॅगेला सवत म्हणायची.

अलीकडे मात्र कप्तानांना एक गोष्ट आतून खात होती. हेलिकॉप्टर थरथरलं की चष्म्यातूनही नकाशावरची बारीक अक्षरं मुंग्यांसारखी पळायची. सोबतच्या तरुण सहवैमानिकेला "जरा वाच गं" म्हणत ते वेळ निभावून न्यायचे.

त्यातच कंपनीनं कागद बंद केले. नकाशे, हवामान, इंधनाचा हिशेब, सगळं एका टॅबलेटवर. तो पट्ट्यानं मांडीवर बांधायचा.

कप्तान तो टॅबलेट घेऊन धुसफुसत घरी आले. "हा मध्येच बंद पडला तर? खिडकीतून मान काढून रस्ता विचारू?"

"वर विचारणार कुणाला? पक्ष्यांना?" बायको शिवणाच्या मशीनवरून म्हणाली. "बसा इथं. मी बेटाचं नाव घेते, तुम्ही शोधा."

मशीन चालू, शोध चालू. एकदा कप्तानांच्या अंगठ्यानं अख्खा समुद्रच गायब केला. त्यांनी टॅबलेट बाजूला ठेवला. "माझं आता पुरे झालं. उडणं सोडतो."

मशीन थांबलं. "टॅबलेटमुळे, की डोळ्यांमुळे?"

"तुला कुणी सांगितलं?"

"औषधाची बाटली हात लांब करून वाचता. मला काय दिसत नाही?" तिनं टॅबलेट ओढला, पडद्यावर दोन बोटं टेकवून फाकवली. मुंगीएवढी अक्षरं बोराएवढी झाली. कप्तान बघतच राहिले. त्यांनी स्वतः बोटं फाकवून पाहिली, पुन्हा पाहिली.

"पण आधी डॉक्टरांना सगळं सांगायचं," ती म्हणाली.

कप्तानांनी सांगितलं. चष्म्याचा नंबर बदलला, पुन्हा तपासणी झाली, आणि उडायला हरकत नाही असा शेरा मिळाला.

काही दिवसांनी एका बेटावरून दीपगृहाच्या रखवालदाराला आणायचं होतं. त्याच्या छातीत दुखत होतं. परतीच्या वाटेवर रेडिओवरून कळलं, की इस्पितळाजवळ दाट धुकं उतरलंय. दुसरीकडे उतरणं भाग होतं. कप्तानांनी टॅबलेटवर बोट ठेवलं, तोच पडदा काळा झाला. काचेतून सरळ येणाऱ्या उन्हानं तो तापला होता.

इतके दिवस ज्याला शिव्या घातल्या, त्याचंच बटण कप्तान आता पुन्हा पुन्हा दाबू लागले.

"सर, माझा चालू आहे," सहवैमानिक म्हणाली. दोघांकडे एकेक असायचा, तो याचसाठी. तिनं जवळच्या विमानतळाचा नकाशा उघडला, अक्षरं मोठी केली आणि टॅबलेट त्यांना दिसेल असा धरला. "इथलं आकाश मोकळं आहे. इंधनही पुरून उरतंय."

कप्तानांनी एक नजर टाकली. धावपट्टी, उंची, वाऱ्याची दिशा, सगळं स्वच्छ वाचता आलं. "बरोबर. रुग्णवाहिका तिकडे बोलाव," ते म्हणाले आणि हेलिकॉप्टर वळवलं. तिनं त्यांचा टॅबलेट थंड हवेच्या झोताखाली ठेवला. विमानतळ दिसू लागेपर्यंत तो पुन्हा सुरूही झाला.

खाली रुग्णवाहिका उभी होती. स्ट्रेचर उतरवताना रखवालदारानं कप्तानांचा हात धरला. "पोचलो ना हो?"

"पोचलो. आता नुसतं पडून राहा."

संध्याकाळी ते तळावर परतले, तेव्हा इस्पितळातून निरोप आला: वेळेत आणलंत, धोका टळला. कप्तान हेलिकॉप्टर ठेवायच्या हँगरच्या पायरीवर बसले. किती महिन्यांनी असा पूर्ण श्वास घेतोय, असं त्यांना वाटलं. मग त्यांनी घरी फोन लावला.

"अगं, रखवालदार बरा आहे."

"आणि तुम्ही?"

"मी पण," कप्तान म्हणाले. "उद्याही ड्युटी आहे. सकाळी लवकर उठव."