टोपलीत टाकलेला पलंग

ॲप मी बिघडवलं नाई. पह्यल्या दिवसापासून गळा फाडून सांगून राह्यली, पण आमच्या दुकानात एकानंही मानलं नाई. लाकडाच्या दुकानात भुसा अन् किस्से सारखेच. सकाळी झाडा, संध्याकाळी पुन्हा ढीग. फरक एवढाच, भुसा कोणाच्या नावावर लागत नाई. किस्से सगळे माझ्या नावावर लागले!

दुकान चंद्रपुरात, मूल रोडवर. मालक वामनभाऊ. मी वरच्या माळ्यावर बायांले पलंग, सोफे, आलमाऱ्या दाखवते. वामनभाऊचा पोरगा निखिल पुण्याहून शिकून आला अन् म्हणे, "काकू, आता लोक मोबाईलवरच फर्निचर घेतील. असं ॲप बनवतो का दुकानात येण्याची गरजच नाई."

वामनभाऊ लगेच बोलला, "ॲप चाललं का वरचा माळा भाड्यानं देऊन टाकतो."

माळा गेला का माझं काम गेलं. म्हणून ॲपमध्ये काई गडबड झाली का सगळे माझ्याकडेच पाह्यत.

*

ॲपमध्ये एक भारी गोष्ट होती. मोबाईलचा कॅमेरा खोलीवर धरा, पलंग तुमच्या खोलीत ठेवलेला दिसते! निखिल खुश. पण आमच्याकडे पलंग घेते कोण? पोरीचा बाप, आंदणात द्याले. अन् खोली कोणाची? व्याह्याची!

धानोऱ्याकडचा एक बाप बिचारा मोबाईल घेऊन सरळ व्याह्याच्या घरी गेला. राम राम नाई, चहा नाई, चारही कोपऱ्यांत मोबाईल फिरवून राह्यला. व्याही ताडकन उभा झाला.

"शूटिंग काऊन करता? हुंड्याची केस टाकता का आमच्यावर?"

"नाई हो, तुमच्या घरात पलंग मावते का, ते पाह्यतो!"

"अन् नाई मावला तं?"

"तं लहान घेतो."

केसपेक्षा व्याह्याले याचाच राग जास्त आला. लग्न मोडता मोडता राह्यलं. निखिल मले म्हणे, "काकू, त्याले व्याह्याकडे जा म्हणून तुम्हीच सांगितलं ना?"

*

सिरोंच्याच्या एका घरानं ॲपवरून व्हिडिओ कॉल लावला. मधात एक म्हातारी, आजूबाजूले सारं घर. म्हातारी तेलुगूत बोले, तिची सून मराठीत सांगे.

"अम्मा म्हणते, पलंगावर बसून दाखवा."

बसली.

"अम्मा म्हणते, झोपून दाखवा."

झोपली! भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर.

"आता अम्मा म्हणते, दोघं बसा. कर्रकर्र वाजते का ऐकू द्या."

मी गाडीवाल्या गणपतले आवाज दिला, "ये रे, त्या टोकाले बस. अन् हलशील तं याद राख!"

म्हातारी काईतरी बोलली अन् तिकडे सारं घर खी खी हसलं. सून पदर तोंडाले लावून म्हणे, "अम्मा म्हणते, हलल्याशिवाय कसं समजन?"

पलंग विकला गेला. बसली मी, झोपली मी, गणपतनं आठ दिवस टोमणे खाल्ले. अन् विक्री कोणाची? ॲपची!

*

मग निखिलनं तारे सुरू केले. माल आवडला तं पाच तारे द्याचे, नाई आवडला तं एक. ब्रह्मपुरीकडच्या एका बाईनं एकच तारा दिला अन् खाली लिहिलं, "पलंग चांगला आहे. जावई खराब निघाला."

निखिलनं फोन लावला. "मावशी, तारे फक्त पलंगाचे द्याचे."

"पलंगाचेच देऊन राह्यली, बाबू. पलंग एवढा मऊ नसता तं तो उठला असता ना कामाले!"

निखिलनं माझ्याकडे पाह्यलं. आता तिचा जावईही मीच पाहून दिला होता का?

*

आमच्याकडची बाई भाव ऐकते, तोंड वाकडं करते अन् पायऱ्या उतरते. तिले चौकापर्यंत जाऊ द्याचं. मग आवाज द्याचा, "ओ बाई, ऐका तं!" ती आवाजाचीच वाट पाह्यत हळूहळू चालत असते. मग परत येते, भाव तुटते, सौदा होते. वामनभाऊच्या बापापासून हेच चालू आहे.

ॲपमध्ये काय होऊन राह्यलं? लोक पलंग टोपलीत टाकत अन् निघून जात. टोपल्या भरून सांडल्या, पण घेत कोणी नाई. निखिलच्या डोक्याले मुंग्या! शेवटी एका बाईले फोन लावून विचारलं, तं तीच भडकली.

"केव्हाची निघून बसली आहो मी! तुमच्यातल्या एकानं आवाज दिला का? एवढा माज?"

मग निखिलनं ॲपले आवाज द्याले शिकवलं. टोपली सोडली का मोबाईल टुन्न वाजे, "ताई, परत या, भाव कमी केला." पुन्हा सोडली, पुन्हा टुन्न, पुन्हा कमी. पण भाव कमी करत करत थांबाचं कुठी, हे ॲपले सांगाचंच राह्यलं.

बाया काय बुद्दू आहेत? सोडून राह्यल्या टोपल्या!

वामनभाऊ माझ्यावर गरजला, "विमलबाई, तूच शिकवलं सगळ्यांले!"

"मी? माझ्याजवळ तं बटनाचा मोबाईल आहे!"

"म्हणूनच संशय आहे!"

*

इतक्यात निखिलचं लग्न जमलं. पोरगी श्वेता, ऊर्जानगरची, बाप पॉवर स्टेशनात नोकरीले. बैठकीत वामनभाऊ हात जोडून म्हणे, "आमाले काई नको हो. देवाचं दिलेलं सगळं आहे. फक्त पलंग, सोफा अन् आलमारी तेवढी द्या."

पोरीचा बाप गोंधळला. "पण तुमचं तं फर्निचरचंच दुकान आहे..."

"म्हणूनच म्हणतो, बाहेर काऊन जाता? आमच्याच दुकानातून घ्या! सागवानी घ्या, तुमच्याच पोरीले शोभन."

म्हणजे नफाही याचा अन् पलंगही याचा! पोरगी कोपऱ्यात बसून होती. ती निखिलले म्हणे, "तुमचं ॲप मोबाईलमध्ये टाकून द्या ना." निखिल असा फुलला का विचारू नका. सगळं दाखवलं तिले, टुन्न सुद्धा.

पुढच्या हप्त्यात दुकानात बोंब उठली. ॲपवर ऑर्डर पडली होती. सागवानी पलंग, मोठा सोफा, तीन दाराची आलमारी. अन् भाव? सगळं मिळून एका स्टुलाचा! वरून पैसे भरलेले, पावती निघालेली.

वामनभाऊ लालबुंद. "विमलबाई! आज नाव निघू दे. ज्याले तू शिकवलं त्याले पोलिसात देतो, अन् तू उद्यापासून घरी बस!"

"काढा नाव!" मी पदर खोचला. "मीही पाह्यते कोण आहे ते!"

"निखिल, वाच!"

निखिलनं मोबाईल पाह्यला. एकदा पाह्यला, दोनदा पाह्यला. मग म्हणे, "बाबा, नेटवर्क नाई."

"ऑर्डर आली तेव्हा होतं ना नेटवर्क?"

"नंतर पाहू ना, बाबा..."

पोट्टा घामानं वला झाला. मी त्याच्या हातातून मोबाईलच ओढला. चौथी शिकली आहो, सावकाश वाचते, पण वाचते. वामनभाऊ, गणपत, दोन गिऱ्हाइकं, सगळे माझ्या तोंडाकडे पाहून राह्यले. मी खाकरली अन् मोठ्यानं वाचलं:

"श्वेता."