प्रोसेसरची शर्यत आणि पाटीलशेठांचा कारीगर

कर्णिकांच्या कॉम्प्युटरवर लाल दिव्यात ६६ आकडा चमकत होता आणि माझ्या कॉम्प्युटरवर ४०. पाटीलशेठ आळीपाळीने दोन्हींकडे बघत होते. माझी नोकरी जाणार, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. प्रोसेसर म्हणजे आकडेमोड करणारी चिप, कॉम्प्युटरचा मेंदू. तेव्हा जो तो एका बड्या कंपनीचाच प्रोसेसर मागायचा. दुसऱ्या एका कंपनीने तशीच चिप स्वस्तात काढली आणि दोघींची चांगलीच जुंपली. भिवंडीत त्या लढाईचे शिपाई दोन. बड्या कंपनीकडून ठाण्याचे टायवाले कर्णिक आणि दुसरीकडून मी, जाधव.

आमच्या कॉम्प्युटरच्या दुकानाच्या मालकसाहेबांना पटवून मीच तिथे त्या स्वस्त चिपचा माल भरायला लावला होता. माल काही हलेना. शेवटी साहेब म्हणाले, "पाटीलशेठची ऑर्डर आण. नाही आली तर सोमवारपासून येऊ नकोस."

पाटीलशेठ मूळचे खारबावचे. शहरात त्यांचे पॉवरलूमचे कारखाने होते. शनिवारी कारीगरांच्या पगाराच्या स्लिपा काढताना त्यांचा जुना कॉम्प्युटर रडत बसायचा. बाहेर रांगेतले कारीगर शेठला नको नको ते ऐकवायचे. म्हणून नवीन कॉम्प्युटर, तोही प्रत्येक कारखान्यात. त्यासाठीच कर्णिक आणि मी आपापला कॉम्प्युटर आणि प्रिंटर घेऊन त्यांच्या ऑफिसात हजर होतो.

आता त्या लाल आकड्याची गंमत सांगतो. लोकांना तो कॉम्प्युटरचा स्पीड वाटायचा, पण तो आकडा स्पीड मोजत नसे. कॅबिनेटच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या डब्याच्या, आत छोट्या पिना असत. त्या जशा लावाल तसा आकडा दिसे. कर्णिक चहाला बाहेर गेले तसं मी कॅबिनेट उघडलं आणि माझा आकडा ८८ केला. कर्णिक परत आले, बघितलं. "जरा केबल चेक करतो," म्हणत त्यांनी त्यांचा ९९ केला. दोनच आकड्यांची जागा होती, नाहीतर हजारावर गेले असते.

शेठ हे सगळं बघत होते. "आकड्यान कापड निघत न्हाय," ते म्हणाले. "लूमची ट्रायल घेतो तशी घेऊ."

नवीन लूम घेताना भिवंडीतला माणूस सेल्समनचं ऐकत नाही. नवे लूम आणि घरचा जुना लूम शेजारी शेजारी लावतो, एकच धागा देतो आणि चालवतो. मग मध्येच कारीगर बदलतो. कापड लूममुळे निघतंय की कारीगरामुळे, ते मग कळतं.

मी लगेच म्हटलं, "शेठ, स्लिपा छापून ज्याच्या आधी हातात येतील तो जिंकला." यात माझी चलाखी होती. आम्हा दोघांचे प्रिंटर एकाच मॉडेलचे होते. प्रोसेसर कितीही पळाला तरी प्रिंटरसाठी खोळंबून राहतो. म्हणजे बरोबरी नक्की, आणि बरोबरी झाली की माझा माल स्वस्त.

तसंच झालं. आम्ही दोघे एकदमच संपलो. शेठचा जुना डबा मागे खर्रखर्र करत राहिला. मी मनातल्या मनात पेढे वाटले.

"आता कारीगर बदला," शेठ म्हणाले.

कर्णिक टाय सावरत उठले आणि माझ्या खुर्चीकडे यायला लागले.

"तुमी न्हाय वो! तुमी नुसते बसलेत. कापड त्यो काढतो." शेठनी प्रिंटरकडे बोट दाखवलं. "त्याला बदला."

माझी चलाखी माझ्यावरच उलटत होती. पण नाही कसं म्हणणार? माझा प्रिंटर शेठच्या जुन्या डब्याला लागला आणि त्यांचा म्हातारा प्रिंटर माझ्या नव्या कॉम्प्युटरला. जुना डबा सुसाट सुटला, कर्णिकांच्या जरासाच मागे आला. माझा नवाकोरा कॉम्प्युटर ८८ चा दिवा मिरवत खर्रखर्र करत बसला.

शेठचे मेहताजी, म्हणजे कारखान्याचे कारकून, हसून हसून बेजार झाले. "सेठ, इंजन तो अपना ही ठीक है, बैल बदलना था!"

"जाधव, त्यो प्रिंटर ठेव आन् बाकी डबा घेऊन जा," शेठ म्हणाले. "बाकीच्या कारखान्यांनाबी एकेक पाठव. कर्णिकसाहेब, तुमी चहा घेऊन जा."

दुकानात साहेब वाटच बघत होते. "चिप विकलीस?"

"नाही. प्रिंटर विकले."

साहेबांनी कपाळाला हात लावला. पण सोमवारपासून येऊ नकोस म्हणायला त्यांना सवडच मिळाली नाही. भिवंडीत पाटीलशेठनी काय घेतलं हे शेजारच्या लूमवाल्याला आधी कळतं. सोमवारी दुकानात लूमवाल्यांची गर्दी होती आणि सगळ्यांना 'पाटीलशेठचा कारीगर' हवा होता. त्या चिपा आमच्या कपाटात धूळ खात राहिल्या, कर्णिकांच्या त्यांच्या कपाटात.

साहेबांनी लगेच त्या प्रिंटरची भिवंडी-ठाण्याची एजन्सी घेऊन टाकली. काही दिवसांनी कर्णिकांचा फोन आला. आवाज पडलेला. "जाधव, ते प्रिंटर तुमच्याकडून घाऊक मिळतील का हो?"

दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ, हे शाळेत सगळेच शिकतात. धंद्यात एवढंच जास्तीचं करायचं: भांडायच्या आधी तिसरा कोण ते बघायचं आणि त्याची एजन्सी घेऊन ठेवायची.