मावशीच्या मोबाइलमधली यमुना

साक्षात उन्हाशी हुज्जत घालून जिंकलेली व्यक्ती मी आयुष्यात एकच पाहिली, आणि ती माझी सख्खी मावशी आहे. सटाण्याकडची मुलगी, उभा जन्म सरकारी दवाखान्यांत नर्स म्हणून काढलेला, आणि निवृत्त होऊन नाशकात गंगापूर रोडला राहायला आल्यावर एकाएकी चित्रकार झालेली. ती तैलरंगात चित्रं काढते आणि चांगली काढते. पण तिची खरी मर्दुमकी सुरू होते ती चित्र वाळल्यावर, मोबाइलवर त्याचा फोटो काढून तो जगापुढे टाकायच्या वेळी. "चित्र माझ्या घरात चार माणसं बघतात. फोटो कुठं कुठं जातो. तो खोटं बोलला तर नाव माझं जाणार!" या एका तत्त्वापायी तिने आमची सबंध सोसायटी कामाला लावली आहे.

तिच्या मते ऊन हा चित्राचा शत्रू, ट्यूबलाइट हा महाशत्रू, आणि पातळ ढगांचं आभाळ तेवढं सज्जन. असं आभाळ दिसलं की मला फोन येतो, "ढग आलेत, वर ये." मी घरून ऑफिसच्या मीटिंगमध्ये असलो तरी ढग थांबणार नसतात, त्यामुळे मीटिंग थांबते. पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्या अंगात नारिंगी टी-शर्ट होता. चित्र धरून गच्चीवर उभा राहिलो, तिने फोटो काढला, बारकाईने पाहिला आणि निदान केलं, "कावीळ! तुझ्या कपड्याचा रंग चित्रावर पडतोय." तेव्हापासून काकांचा एक पांढरा सदरा माझ्यासाठी गच्चीच्या दारामागे लटकत असतो. नर्सच्या नजरेने ती फोटो तपासते: निळसर आला तर त्याला ऑक्सिजन कमी पडलाय, फिका आला तर रक्त कमी आहे. एकदा पार्किंगमध्ये दुधी भोपळ्याच्या चित्राचा फोटो काढताना तिने तळमजल्यावरच्या वकीलसाहेबांना बाहेर बोलावून, अतिशय अदबीने सांगितलं, "साहेब, तुमच्या लाल गाडीमुळे माझ्या दुधी भोपळ्याला ताप आलाय. जरा पलीकडे घेता का?" कोर्टात भल्याभल्यांना गप्प करणारा तो माणूस निमूट किल्ली घेऊन आला. आता आभाळ भरून आलं की ते आपणहून गाडी हलवतात.

तैलरंगाची चकाकी ही आणखी एक डोकेदुखी. त्यावर तिने काळ्या शालीला मधोमध भोक पाडलं. शाल डोक्यावरून घ्यायची आणि भोकातून फक्त मोबाइलचा डोळा बाहेर काढायचा. नवा वॉचमन पहिल्याच दिवशी गच्चीवर आला आणि समोर हे रूप पाहून दोन जिने उलटा उतरला. शेजारच्या वहिनींनी एकदा सुचवलं, "मावशी, एवढा खटाटोप कशाला? फिल्टर लावा ना." मावशी म्हणाली, "फिल्टर पाण्याला लावतात."

एरवी या सगळ्यात गंमतच असते. पण गेल्या वर्षी तिने यमुनाचं चित्र काढलं. यमुना म्हणजे तिच्याबरोबर सुरगाण्याकडच्या आरोग्य केंद्रात असलेली दुसरी नर्स, तिकडचीच, डोंगरातली. दोघींनी तरुणपणाची कितीतरी वर्षं एकत्र काढली. मग बदल्या, संसार, आजारपणं, आणि भेटणं राहूनच गेलं. चित्रात यमुना आरोग्य केंद्राच्या पायरीवर बसली होती. चेहरा तापल्या तव्यासारखा काळा आणि तसाच तेजाळ. मी फोटोसाठी सदरा चढवला. पण फोटोत यमुना उजळ आली. पुन्हा काढला, पुन्हा उजळ. चेहरा दिसला की मोबाइल परस्पर त्याला गोरा करत होता.

मावशी आधी थक्क झाली, आणि मग तिचा सटाणा जागा झाला. "हाई काय शे? हिला गोरी करणारा हा कोण?" ती मोबाइलवर ओरडली. मी म्हटलं, "जाऊ दे ना, थोडासाच फरक आहे." ती माझ्याकडे वळली. "थोडासा? नोकरीला लागली तेव्हा एक बाई हिच्या हातची सुई घ्यायला तयार नव्हती, रंग बघून. यमुना हसली फक्त. मी नव्हते हसले. आणि आता तिला मीच गोरी करून पाठवू?"

तो आठवडा सोसायटीने श्वास रोखून काढला. मी मोबाइलमधली चेहरा खुलवण्याची सगळी बटणं शोधून बंद केली, तरी रंग वरच चढत होता. शेवटी मावशीनेच मेख ओळखली: चित्रात काळोख जास्त, म्हणून मोबाइल उजेड वाढवतोय. तिने चित्राच्या चारी बाजूंनी पांढऱ्या चादरी पसरल्या. एवढं पांढरं बघून मोबाइल दबकला, आणि यमुना जशीच्या तशी उतरली. मावशीने फोटो चित्राशेजारी धरून पाहिला आणि म्हणाली, "ही यमुना."

फोटो फेसबुकवर गेला, तिथून कुणाकुणाच्या हातून फिरत सुरगाण्याला पोचला, आणि एका दुपारी मावशीचा फोन वाजला. पलीकडून आवाज आला, "मीच हाय ना गं ही? सुनेनं दाखवला. बराबर काळी काढलीस मला!" दोघी हसत होत्या आणि मध्येच हसू थांबत होतं. मग यमुनाबाई म्हणाल्या, "फोटो नको, तू ये."

मी गाडीने मावशीला आणि चित्राला घेऊन गेलो. अंगणात खाटेवर चित्र टेकवून यमुनाबाई खूप वेळ पाहत बसल्या. मग चित्रातल्या पायरीच्या मोकळ्या बाजूवर त्यांनी बोट ठेवलं. "इथं तू बसायचीस. तू कुठं गेलीस?"

 

चित्र तिथेच ठेवून यायचं ठरलं होतं, पण मावशीने ते परत आणलं, पुरं करून देते म्हणून. तेव्हापासून ते तिच्या खोलीत उभं आहे. कधी गेलो तर ती आरसा मांडीवर घेऊन त्याच्यासमोर बसलेली असते. पायरीवर यमुनाशेजारी एक पुसट आकृती उमटते, पुसली जाते, पुन्हा उमटते. विचारलं की हातातला ब्रश न थांबवता म्हणते, "माझाच रंग जमत नाही रे मला."