टाकीला तीट

नाशिकच्या द्वारका चौकाजवळ ट्रेलरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या टाक्या चमकवणारा एक माणूस बसतो. नाशिक रोडला कामावर जाताना मी त्याच्यापाशी थांबतो, पण नाव कधी विचारलं नाही. डिझेलची टाकी घासताना तो तिची समजूत घालतो, "जरा कळ काढ, झालंच." मग तिच्यात स्वतःचे दात बघतो. ते नीट दिसले की काळ्या ग्रीसमध्ये बोट बुडवून कोपऱ्यात तीट लावतो. काम जितकं सुरेख, तितकी तीट मोठी.

परवा, माझ्या सुट्टीच्या दिवशी, सटाण्याचा एक ड्रायव्हर नवाकोरा ट्रेलर सासऱ्याला दाखवायला निघाला होता. टाकी चमकवायला इथे थांबला. दुपारपर्यंत टाकी अशी झाली, की समोरच्या झाडाचं पान न् पान तिच्यात दिसायला लागलं. आमचा माणूस दोन पावलं मागे सरला आणि ग्रीसचा डबा उचलून त्याने अख्खी टाकी काळीकुट्ट केली.

"अहो, हे काय?" मी विचारलं.

"लय देखणी झाली ती. अशी उघडी धाडायची नाय."

ड्रायव्हर आता भांडणार असं मला वाटलं. त्याने टाकीचा फोटो काढला आणि सासऱ्याला फोन लावला. "मामा, फोटो बघा. एवढी तीट लागली."

मग मीही माझी स्कूटर पुढे केली. त्याने ती मन लावून घासली, दात पाहिले आणि फडकं झटकलं.

"न्या. हिला काय भीती नाय."

त्या संध्याकाळी बायकोची काजळाची डबी घेऊन मी गुपचूप पार्किंगमध्ये उतरलो.