कौसाबाई आणि रस्त्यापलीकडची विहीर

ट्रकखाली आली तेव्हा माझी बहीण पंधरा वर्षांची होती.

रस्त्यावर अपघातात गेलेल्या माणसांची आठवण काढायचा आज दिवस आहे, असं नातीने मोबाईलवर दाखवलं. इतक्या वर्षांत मी बहिणीबद्दल चार ओळी लिहिल्या नाहीत. आज लिहिते.

तिचं नाव कौसल्या. गाव तिला कौसाबाई म्हणायचं, मी नुसतं बाई. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाईच म्हणतात.

आमचं गाव देवरीच्या अलीकडे, नागपूर-रायपूर रोडला लागून. जिल्हा तेव्हा भंडारा. आमचा भाग नुकताच मुंबई राज्यात गेला होता आणि रस्त्यावर नवं डांबर पडलं होतं.

घरं रस्त्याच्या या बाजूला. पिण्याच्या पाण्याची विहीर त्या बाजूला.

बाई डोक्यावर पाण्याचे दोन गुंड, म्हणजे पितळी घागरी, एकावर एक ठेवून चालायची. हात न लावता. मी आठ-नऊ वर्षांची, माझी छोटी कळशी घेऊन तिच्या मागे.

तिला वळून बघता यायचं नाही, म्हणून ती समोर बघतच विचारायची, "हायेस नं मागं?"

त्या सकाळी विहिरीवरून परतताना मी मागे नव्हते. धावत पुढे गेले होते.

रस्ता ओलांडून वळले, तर बाई रस्त्याच्या मधोमध. वळणावर बांबूच्या थप्प्या रचलेल्या, त्यांच्या आडून ट्रक आला.

हॉर्न वाजला. मग ब्रेक. मग गुंड डांबरावर पडल्याचा आवाज.

पुढचं लिहीत नाही.

ड्रायव्हर पळाला नाही. गावातल्या लोकांनी त्याची कॉलर धरली, तरी तो नुसता उभा होता. "माँजी, मैंने हॉर्न दिया था," एवढंच माझ्या मायला सांगत राहिला.

माय म्हणाली, "तिनं आयकला असन रे बाबू. पन तिले मान फिरवता नाय आली."

मग लोकांना म्हणाली, "सोडा त्याले. माही पोरगी का परत येनार हाये?"

चौकशी झाली. कागदावर लिहिलं गेलं: मुलगी न बघता रस्त्यावर आली.

बाबांनी अंगठा दिला. मायने तो मजकूर कुणाकडून तरी वाचून घेतला.

काही दिवसांनी रस्त्याचे साहेब जीपने आले. गावातले पुरुष हात जोडून उभे. साहेब समजावून सांगत होते, "रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघायचं. एवढं पोरींना शिकवा."

माय घरात गेली. भरलेले दोन गुंड घेऊन बाहेर आली.

"सायेब, हे डोक्यावर घ्या. अन् मंग दोन्हीकडं पाहून दाखवा."

बाबा हळूच म्हणाले, "काऊन वो असं करून राहिली?"

माय हलली नाही.

शेवटी साहेबांच्या चपराशानेच चुंबळ मागितली. देवरीकडचाच माणूस होता तो. गुंड डोक्यावर घेतले, दोन पावलं चालला, उजवीकडे बघायला गेला, आणि वरचा गुंड कलंडला. सगळं पाणी त्याच्या गणवेशावर.

कोणी हसलं नाही.

साहेबांनी टोपी काढली. बराच वेळ वळणाकडे बघत राहिले. म्हणाले, "विहीर माझ्या खात्यात येत नाही, बाई."

"मंग जे येते ते करा."

त्यांनी केलं. आठवड्याभरात बांबू हलले. वळणाच्या अलीकडे-पलीकडे चुना लावलेले दगड बसले. पाटी लागली, मराठीत आणि हिंदीत: गाव आहे, गाडी हळू चालवा.

विहीर मात्र गावानेच खोदली, रस्त्याच्या या बाजूला. दोन उन्हाळे गेले. पहिल्या खड्ड्यात नुसता खडक लागला. पुरुष म्हणाले, राहू द्या. माय दुसऱ्या जागी जाऊन स्वतःच खणायला लागली. दुसऱ्या दिवशी तिच्यासोबत अकरा बाया होत्या.

पाणी लागलं तेव्हा माय काठावर बसून रडली. बाई गेल्यानंतर तिला रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

त्यानंतर माझं लग्न होऊन मी गोंदियाला येईपर्यंत त्या वळणावर कोणाचा जीव गेला नाही.

आता तो रस्ता मोठा हायवे झाला आहे. स्पीड किती, विचारू नका. शाळा एका बाजूला, वस्ती दुसऱ्या बाजूला. माणसं डिव्हायडरवरून चढून जातात. अपघात झाला की आजही तेच वाचायला मिळतं: रस्ता ओलांडताना लक्ष नव्हतं.

हे वाचलं की मला अजून राग येतो.

माझं एकच म्हणणं आहे. मेलेल्या माणसाची चूक काढण्याआधी, त्याला रस्ता का ओलांडावा लागला ते जाऊन बघा. आणि त्याला जे हवं होतं ते करून द्या. पूल असो, नळ असो, बसचा थांबा असो.

आणि पोरांनो, गावातून जाताना गाडी हळू घ्या. पाच मिनिटं उशिरा पोहोचाल.

बाई, तुला आणि तुझ्यासारख्या रस्त्यावर जीव गमावलेल्या सगळ्यांना माझा मनापासून नमस्कार.

तुझी धाकटी,
सुमन